सिस्टरचं गाव आणि आत्याची नऊ संत्री

मला त्या गावाचा मत्सर वाटायचा. आयर्लंडमधलं गाव. मी ते पाहिलेलं नव्हतं आणि कधी पाहीन असंही नव्हतं. तरी शेजारणीच्या नव्या साडीचा वाटावा तसा मत्सर मला त्याचा रोज वाटायचा.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नागपुरात बी.ए. करत होते. इंग्रजी शिकवायला एक वयस्क आयरिश सिस्टर होत्या. उन्हानं त्यांचं नाक बाराही महिने लाल असायचं. त्यांनी मला आपल्या गावाच्या इतिहासाची पुस्तिका वाचायला दिली. बत्तीस पानं, गावातल्या निवृत्त मास्तरानं लिहिलेली. गाव ते केवढं? एक रस्ता, एक चर्च, एक लोहार, सकाळी दूध घालायची डेअरी. पण शेताच्या प्रत्येक तुकड्याला नाव. तिथले लोक दलदलीतली माती विटांसारखी कापतात, वाळवून चुलीत जाळतात. कोणत्या घरानं कुठल्या काठावरून कापायची, हेसुद्धा लिहिलेलं. बटाटे कुजले, दुष्काळ पडला आणि जमीनदारानं चौदा घरं पाडली. त्या चौदा कुटुंबांची नावं, कोण बोटीनं अमेरिकेला गेलं, कोण वाटेत मेलं, सगळं होतं. वेशीवर त्या नावांचा दगडही उभा केलेला. मधल्या पानावर नकाशा होता आणि त्यात पाडलेली घरं ठिपक्यांनी काढलेली होती.

ते पान पाहून मी जळले. त्यांची उपासमारसुद्धा नीट लावून ठेवलेली होती. आमचं काय होतं?

आमचं गाव नरखेड तालुक्यात. आमची वस्ती ओढ्यापलीकडे होती. धम्मदीक्षेनंतर आमच्या माणसांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं आणि गावानं आम्हाला कामावर बोलवायचं सोडलं. वर्षभरात वस्ती उठली. बाबा नागपूरला येऊन छापखान्यात खिळे जुळवायला लागले. बाराखडी धड येण्याआधी मला ‘बंधू-भगिनींनो’ वाचता यायला लागलं. घरात वह्या नव्हत्या, छापताना बिघडलेली मोर्च्यांची पत्रकं होती. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायची, आणि उत्तराखाली पलीकडच्या मागण्या उमटलेल्या असायच्या.

सिस्टरच्या गावाची आहे तशी आपल्याही गावाची पुस्तिका व्हायलाच पाहिजे, असं मी ठरवलं. दोन रात्रींत लिहिली. बाबांच्या मालकानं रविवारी छापखाना वापरायची परवानगी दिली होती. त्याआधी आत्याला वाचून दाखवावी म्हणून गावाला गेले. जुन्या वस्तीत राहिलेलं माणूस गावात आता ती एकटीच उरली होती.

संत्र्यांचा तोडा चालू होता. आत्या बगीच्यात बसून फळं निवडत होती.

“तोंड काहून सुजलं वं तुयं?”

“रात्री जागून गावाचा इतिहास लिहिलाय. ऐक.”

मी उभं राहूनच वाचलं. शतकानुशतके पिचलेली जनता, जुलमी व्यवस्था, उसळणारा लाव्हा. शेवटी पाच मागण्या आणि ‘आपली नम्र’. शेजारची बाई म्हणाली, “झालं का भाषण? टाळ्या वाजवा लागते का आता?”

आत्यानं एक डागाळलेलं फळ बाजूला टाकलं. “कोन्त्या गावाचं हाय हे?”

“आपल्याच.”

“मले तं नाई दिसला आपला गाव. मी कुठं हाय यात?”

“पिचलेली जनता आहे ना.”

“मंग जनतेलेच विचार. माह्याकडं काहून आली?”

मी चिडले. त्या चिडण्यातच तिला आयरिश गाव ऐकवलं. दगड, नकाशा, ठिपक्यांची घरं. पुस्तिका कशी असते ते कळू दे तिला! तिचे हात थांबले.

“घरं पाडली? मंग बायकांनी चुली कुठं मांडल्या?”

“ते नाही लिहिलेलं.”

“मास्तर मानूस. त्याले चुलीचं काय ठाव असन!”

मग तिनं मला खाली बसवलं आणि समोरची जागा हातानं झाडली. पेट्यांत घालायच्या तणसाची एक लांब रेघ ओढली, तो ओढा. डागाळलेली, बारकी संत्री घेऊन एकेक मांडत गेली, एकेक नाव घेत गेली. हे आपलं. हे डफवाल्याचं. वस्ती उठली त्या दिवशी इथं तीन दगड लावून तिनं भाकरी केल्या होत्या. मग पितळी लोटा ठेवला. “अन् ही विहीर. तुया आजानं अन् चौघांनी खंदली.”

“आता कुठे आहे ती?”

“तू बसली कुठं हायस? तो पंप वाजून राहिला ना, थेच.”

मी बगीच्यातच वाजणाऱ्या पंपाकडे पाहत राहिले. आमच्या उठलेल्या वस्तीवर लावलेली ही संत्री मी लहानपणापासून खात आले होते.

“ए बाई!” मुकादम ओरडला. “खेळून राहिली का? पेट्या भराच्या हाय!”

मी मागण्यांच्या पानाच्या मागच्या बाजूवर भराभर नकाशा उतरवला. आत्यानं घरं टोपलीत भरली.

रविवारी बाबांनी नवा मजकूर वाचला. “मागण्या?”

“एकच. विहिरीवर खणणाऱ्यांची नावं लावा.”

ते खिळ्यांच्या खणांकडे वळले. आजोबांचं नाव जुळवलं, काढलं आणि मोठ्या खिळ्यांत पुन्हा जुळवलं. नकाशातल्या घरांसाठी त्यांनी शून्याचे खिळे लावले. आठ पानांची पुस्तिका झाली. शाई बोटांना लागत होती.

प्रती घेऊन मी गावाला गेले. आत्यानं नकाशावर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

“आठच?”

“तू आठच मांडली होतीस.”

“नऊ मांडली होती मी.” ती माझ्याकडे पाहत राहिली. “खाल्लं तू.”

तेव्हा मला आठवलं. पंपाचा आवाज ऐकता ऐकता मी हाताशी आलेलं संत्रं सोललं होतं. मांडीवर साल पडली होती.

ते घर सुईणीचं होतं. माझ्या बाबांच्या जन्माच्या वेळचं बाळंतपण तिनंच केलं होतं. तिला मागंपुढं कोणी नव्हतं. आत्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, मग हसू ओसरलं. “गावानं उठवली तिले, अन् तू खाल्ली.”

मी सगळ्या प्रतींवर निळ्या शाईनं नववं शून्य काढलं आणि शेजारी तिचं नाव लिहिलं.

सिस्टरनी आमची प्रत आपल्या पुस्तिकेशेजारी ठेवली आणि एकच घर निळं का, असं विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्या हसल्या नाहीत. आपल्या गावाचा नकाशा उघडून त्या बराच वेळ ठिपक्यांच्या घरांकडे पाहत बसल्या. त्यात काही राहून गेलं असेल, हे तोवर माझ्या मनातही आलं नव्हतं.

मत्सर मात्र गेला नाही. त्यांच्या वेशीवर दगड उभा आहे आणि आमच्या विहिरीवर अजून पंपच वाजतो. दर तोड्याला मी बगीच्याच्या मालकाकडे तीच एक मागणी घेऊन जाते. तो मला बसवतो आणि संत्री पुढे करतो. मी घेत नाही.