रिकाम्या रांगेतलं कुंकू

खंडेनवमीला आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरची पूजा होते. यंदा झेंडू वाहताना मागच्या रांगेतल्या एका बंद मॉनिटरकडे लक्ष गेलं. त्याच्या कडेवर गेल्या वर्षीचं कुंकू काळपट होऊन चिकटलेलं होतं. ते वैशालीने लावलेलं. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी तिची अख्खी टीम उन्हाळ्यात घरी पाठवली गेली, कारण समोरच्या इमारतीतल्या कंपनीने ‘आम्ही आता एआय कंपनी’ असा फलक लावला आणि आमच्या साहेबांची झोप उडाली.

शेजाऱ्याने गच्चीवर पत्रा टाकला की आपणही टाकायचा, ही खोड आमच्या आळीतही होती. काचेच्या इमारतीत तिला स्ट्रॅटेजी म्हणतात, एवढंच. म्हणे शर्यत आहे! पोहोचायचं कुठे, असं विचारलं की सगळे समोरच्या खिडकीकडे बघतात.

आरती झाली. साहेब म्हणाले, “चला, फोटो काढू. समोरच्यांनी कधीच टाकलाय.”

फोटो काढणारी मनीषा म्हणाली, “सर, मागची रांग ओकीबोकी दिसतेय.”

“दिसू दे. माणसं एआयने भरू.”

संध्याकाळी फोटो सोशल मीडियावर झळकला. मागे अनोळखी चेहरे दात काढून हसत होते. वैशालीच्या खुर्चीवरल्या बाईच्या तर मनगटातूनच झेंडू उगवला होता. साहेबांनी फोटोखाली टाळ्यांचे इमोजी ठोकले, समोरच्यांनीही ठोकले.

असल्या चुका पकडायला पूर्वी त्याच खुर्च्यांवर माणसं बसायची.