बाहेरची शाई आणि कोयनेच्या चौसष्ट पाट्या

आमच्या धंद्यात शाई कधी दगा देईल सांगता येत नाही, पण शाईचे किस्से कधी कमी पडत नाहीत. आम्ही चौघं महिन्यातून एकदा कराडला भेटतो. चहा कपभर होतो आणि किस्से बादलीभर. घरी परत येईस्तोवर त्यात आणखी एखाद्याची भर पडलेली असते.

चौघं म्हणजे साताऱ्याचे शिंदेमामा, फौजेतून रिटायर झालेले. वाईच्या वैशालीताई. शिराळ्याचा जयंता. आणि आष्ट्याची मी, रुबीना. चौघांच्याही घरात एकेक यूव्ही प्रिंटर आहे. टेबलावर मावेल एवढं मशीन. स्टीलचा डबा, लाकडाची पाटी, मोबाईलचं कव्हर, काहीही आत ठेवा, त्यावर छापून देतं, आणि आतला जांभळा दिवा शाई जागच्या जागी वाळवतो.

भांडण एकाच गोष्टीवरून. शाई कंपनीची घालायची की बाहेरची? कंपनीची महाग. बाहेरची स्वस्त, पण ती घातली की कंपनी वॉरंटीवरचा हात काढून घेते.

मला हा प्रश्न गप्पांपुरता नव्हता. कोयनानगरजवळ एक नवी कॉलनी होत होती, चौसष्ट घरांची. प्रत्येक दारावर नावाची पाटी, आणि सगळ्या पाट्यांचं काम माझ्याकडं. घरं व्हायला सव्वा वर्ष लागणार होतं. सोसायटीचे सेक्रेटरी मला तोंडावर म्हणाले होते, "मॅडम, आमच्यातला पाऊस पाट्या धूत न्हाई, खरवडतो. वर्षात नाव गेलं तर चौसष्टच्या चौसष्ट पाट्या तुमच्या दारात आणून ठेवीन."

कंपनीची शाई घातली तर हातात फारसं काही उरत नव्हतं. बाहेरची घातली आणि नावं उडाली, तर कोयनेपासून आष्ट्यापर्यंत माझंच नाव गेलं असतं. मी ठरवलं, कुणाच्या सांगण्यावर जायचं नाही. सगळ्यांचं ऐकायचं आणि स्वतः बघून ठरवायचं.

आता ऐका, मला काय काय ऐकायला मिळालं.

*

जयंता बाहेरच्या शाईचा कट्टर भक्त. एकदा मी त्याला फोन केला, की बाबा रे, खरं सांग, तुझा अनुभव काय?

तो रंगात आला. "रुबीनाताई, मी तर बाहेरचीच वापरतो. घरात आणल्यापास्नं कंपनीवालीनं लय नखरं केलं. सारखं तिचंच ऐकायचं, तिला इचारल्याबिगर काय करायचं न्हाई. बाहेरचीला काय न्हाई, गपगुमान काम करती. आन् खर्च बी कमी."

पलीकडून भांडं आदळल्याचा आवाज आला. मी दोनदा हॅलो म्हटलं.

"ताई," जयंता बारीक आवाजात म्हणाला, "जरा हिला सांगता का, आपण शाईचं बोलतोय म्हणून? ती कपबशी घिऊन मागंच हुबी हाय."

मी सांगितलं. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आवं ताई, शाईचं हाय ते कळलं मला. पर नखरं कुणाचं, त्ये इचारायचं हाय त्यास्नी."

*

शिंदेमामा बरोबर उलट्या बाजूचे. त्यांचं म्हणणं, "बंदुकीत इश्यू झालेलीच गोळी घालायची. बाजारातनं आणलेली घातली तर गोळी पुढं जाईल का मागं, त्याची गॅरंटी कोण देणार?"

मामांनी कंपनीची शाई मागवली आणि जपली. इतकी जपली की छोटी ऑर्डर आली तर म्हणायचे, "एवढ्यासाठी कशाला ती उघडायची." कपाटात, अंधारात, कापडात गुंडाळून. शेवटी एका शाळेच्या ट्रॉफ्यांचं मोठं काम आलं. मामांनी आंघोळ केली, उदबत्ती लावली, शाईचं काडतूस मशीनमध्ये बसवलं.

मशीन म्हणालं, मुदत संपली. शाई चालणार नाही.

त्या काडतुसाला एक चिप असते, ती तारीख बघते. आत शाई काठोकाठ, पण तारीख गेलेली. कराडला हे ऐकून जयंता हसून हसून टेबलावर पडला. म्हणाला, "मामा, चिडला असशीला की मशीनवर?"

"चिडायचं काय त्यात?" मामा म्हणाले. "मलाबी असंच काढलं. अंगात ताकद होती, पण तारीख आली होती."

मी गपचूप आणखी एक चहा सांगितला.

*

माझाही एक किस्सा आहे, सांगायला लाज वाटते तरी सांगते. पहिल्यांदा बाहेरची शाई मागवली ती पांढरी होती. पारदर्शक बाटलीत आली. कंपनीची काळ्या बाटलीत येते, तेव्हा मला वाटायचं ती नुसती फॅशन.

मे महिना होता. मी सांगलीला गेले होते. परत आले तर बाटल्या जागेवर नाहीत. गच्चीवर गेले. एका बाजूला पापड, मधे तिखटाच्या मिरच्या, आणि त्यांच्या शेजारी माझ्या चार बाटल्या ओळीनं, झाकणं सैल करून ठेवलेल्या.

ही शाई उन्हानंच वाळते. मशीनमधला दिवा काय, वरचा सूर्य काय, तिला दोन्ही सारखेच. मी बाटली उलटी केली. एक थेंब पडला नाही. आत पांढरा खडू झाला होता.

माझ्या सासूबाई, अम्मी, मला म्हणाल्या, "आगं, लोणच्याला ऊन दावते, गाद्यांना दावते, डाळीला दावते. तुझ्या शाईनं काय पाप केलंतं? वास मारत हुती म्हून ठिवली."

मी रडायच्या बेतात होते. पण चिडणार कुणावर? अम्मींनी खरोखर मायेनं ठेवली होती, सगळ्यात चांगलं ऊन मिरच्यांकडं येतं म्हणून मिरच्या सरकवून त्या जागेवर. वहीत मी एक ओळ लिहिली: काळी बाटली, कंपनीला एक गुण.

*

वैशालीताई दोन्ही शाया वापरतात आणि दोन्हींना शिव्या देतात. त्यांच्याकडं लग्नात वाटायच्या स्टीलच्या डब्यांचं काम आलं, दीडशे डबे. वर नवरा-नवरीचं नाव. घाईत बाहेरची शाई घातली आणि नवरीचं नाव चुकलं. प्राजक्ताच्या जागी प्रज्ञा.

चूक नवऱ्या मुलाकडूनच लिहून आली होती, पण डबे तर छापून झाले होते. ताई म्हणाल्या, बाहेरची शाई आहे, घासलं की जाईल. घासणी झाली, राख झाली, तारेचा ब्रश झाला. डब्याची चकाकी गेली, प्रज्ञा जागची हलली नाही.

"जाऊ नको म्हणावं तेव्हा जाते, जा म्हणावं तेव्हा ठाण मांडते," ताई म्हणाल्या. मी वहीत बाहेरच्या शाईलाही एक गुण दिला.

शेवटी डबे बघायला नवऱ्याची आई आणि नवरी दोघी आल्या. सासूबाईंनी डबा फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "असू द्या हो. नाहीतरी लग्नात आम्ही नाव बदलणारच होतो. प्रज्ञाच ठेवू, चांगलं आहे."

नवरीनं त्यांच्या हातातला डबा काढून घेतला, खाली ठेवला आणि वैशालीताईंना म्हणाली, "काकू, दीडशे नवे डबे छापा. प्राजक्ता. आणि न जाणारी शाई घाला."

*

जयंताचं ऐकायचं म्हणजे पूर्ण ऐकायला हवं, म्हणून हेही सांगते. नागपंचमीच्या आधी त्याच्याकडं कामाचा पूर येतो. शिराळा म्हटल्यावर नाग आलाच. गाडीच्या काचेवर नाग, किचेनवर नाग, मोबाईलच्या पाठीवर नाग.

पहिल्या वर्षी ऐन त्या आठवड्यात मशीनबरोबर आलेली कंपनीची काळी शाई संपत आली. यानं उरलेल्या शाईत वरनं बाहेरची ओतली. दोन शायांचं जमलं नाही, आत दूध नासल्यासारख्या गुठळ्या झाल्या आणि शाई सोडणारी निम्मी छिद्रं बुजली. छपाईत आडवे पांढरे पट्टे यायला लागले. जयंताला घाई, त्यानं नागाच्या फ्रेमा तशाच गिऱ्हाइकाच्या हातात दिल्या.

गिऱ्हाईक शिराळ्याचंच. त्यानं फ्रेम लांब धरली, जवळ धरली. नाग फणा काढून बसलेला, आणि अंगभर पांढरे पट्टे.

"जयंतराव," तो म्हणाला, "म्या नाग सांगितला हुता. ह्यो फणा काढल्याला मण्यार हाय."

जयंता त्या दिवसापासून दोन शाया मिसळत नाही. पण अजून म्हणतो, चूक मिसळण्याची होती, बाहेरच्या शाईची नव्हती.

*

आता माझा शेवटचा निवाडा.

ऐकून ऐकून माझं डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा मी एक जूनला दोन पाट्या केल्या. माप एक, निळा रंग एक. एकीवर माझ्या सासऱ्यांचं नाव, 'हुसेन', कंपनीच्या शाईत. दुसरीवर अम्मींचं, 'जैनब', बाहेरच्या शाईत. दोन्ही फाटकाच्या खांबावर लावल्या, जिथं पाऊस थेट तोंडावर येतो आणि दुपारनंतर ऊन भाजून काढतं. घरात सगळ्यांना बजावलं, वर्षभर कुणी हात लावायचा नाही.

माझे सासरे, अब्बा, पेंटर. मशिनी यायच्या आधी आष्ट्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांनी ब्रशनं लिहिल्या. आता हात थरथरतो म्हणून सोडलं. लग्न होऊन पन्नास वर्षं होत आली तरी त्यांनी अम्मींना नावानं हाक मारलेली कुणी ऐकलेली नाही. "ऐकलं का" एवढ्यावर सगळा संसार.

पावसाळा गेला, हिवाळा गेला, मे महिना भाजून निघाला. दोन्ही पाट्या तशाच. निकाल बघायला सगळी मंडळी कराडऐवजी माझ्या फाटकाशी जमली. अब्बा खुर्ची टाकून ओट्यावर बसले होते.

जयंतानं दोन्ही पाट्यांवरून बोट फिरवलं. "बगा गड्यांनो! बाहेरची काय कमी हाय का? उलट जैनबचाच रंग जास्त ताजा हाय."

खरंच होतं. मी खुश झाले, खोटं कशाला बोलू. चौसष्ट पाट्या बाहेरच्या शाईत म्हणजे माझ्या हातात चांगलं उरणार होतं. मी शाईवाल्याला फोन लावायला मोबाईल काढला.

शिंदेमामांना राहवेना. त्यांनी खिशातून रंग पुसायच्या थिनरची बाटली आणि कापूस काढला. आधी 'हुसेन' पुसलं. कापूस पांढराच राहिला. मग 'जैनब' पुसलं. कापूस निळा झाला, आणि नावाखाली दुसरं नाव दिसलं, फिकट, जवळजवळ उडालेलं, मी छापलेलं.

वरचं छापलेलं नव्हतंच. पुसायचं राहिलेलं पहिलं अक्षर मी वाकून बघितलं. 'ज'चा शेवट खाली जाऊन जरा डावीकडं वळलेला. तो 'ज' आष्ट्यातल्या ज्वेलर्सच्या पाटीवर आहे, जनरल स्टोअर्सच्या पाटीवर आहे. कडा मात्र थरथरलेल्या.

मी ओट्याकडं बघितलं. अब्बा रस्त्याकडं बघत होते. जयंता तोंड उघडणार होता, वैशालीताईंनी त्याचा हात दाबला.

फोन मी केला, पण कंपनीला. चौसष्ट पाट्या, बाहेरचा एक थेंब नाही. उरेल तेवढं उरेल. मग ओट्यावर जाऊन अब्बांजवळ बसले.

"अब्बा, अम्मींची पाटी नवी करून देते. कंपनीच्या शाईत. मग उडायची नाही."

"नगं पोरी," अब्बा म्हणाले. "तिची उडणारीच ऱ्हाऊ दे."