कोळशाचा वाफा

हवा आळशी असते, हे मला साठी उलटल्यावर कळलं, आणि तेही एका ट्रंकेकडून.

त्याचं असं झालं. माझी मुलगी वैशाली पुण्यात असते. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. पण माहेर म्हणजे फलटणजवळच्या गावातलं आमचं घर, आणि त्यात उरलेला एकटा मी. सरिता, वैशूची आई, दोन वर्षांपूर्वी गेली. मी फोनवर विषय काढला, तर वैशू म्हणाली, "अण्णा, तिकडं साखर कारखान्याच्या मळीचा वास येतो. मला आता सहन नाही व्हायचा."

एवढंच ना? मी जवळजवळ आनंदातच फोन ठेवला. माणसांच्या अडचणीपुढं माझी बुद्धी चालत नाही, पण यंत्राच्या अडचणीला मी भीत नाही. फौजेत जन्मभर गाड्या दुरुस्त केल्या (त्यातल्या काही खरोखर दुरुस्तही झाल्या).

पाणी शुद्ध करायच्या प्लँटवर काळा दाणेदार कोळसा वापरतात. तो वास धरून ठेवतो, एवढं ऐकून होतो. साताऱ्याहून दोन पोती आणली. फौजेतली काळी ट्रंक रिकामी केली. एका बाजूला भोक पाडून पंखा बसवला, दुसऱ्या बाजूला जाळी, मधे कोळसा. वैशूची खोली पांढरीशुभ्र रंगवून घेतली होतीच. ट्रंक तिथं ठेवली आणि बटण दाबलं.

कोळसा आधी धुऊन घ्यायचा असतो, हे मला नंतर कळलं.

समोरच्या भिंतीवर पांढरी जागा तेवढी माझ्या आकाराची उरली. आवाज ऐकून शेजारचा बापू आला आणि उंबऱ्यातच थबकला.

"हवालदार, खाणीत ड्यूटी लागली व्हय?"

कोळसा धुतला, वाळवला, भिंत पुन्हा रंगवली. या खेपेला धूळ उडाली नाही. पण वासही गेला नाही. पंख्यापुढं उदबत्ती धरली, तर धूर जाळीच्या फक्त वरच्या काठानं बाहेर येत होता. झाकण उघडून बघतो तर कोळसा खाली बसलेला, वर बोटभर फट, आणि हवा त्या फटीतून कोळशाकडं ढुंकूनही न बघता निघालेली. दोन पोती कोळसा नुसताच बसून (रिटायर माणसासारखा).

मग माझ्यातला शेतकऱ्याचा पोर जागा झाला. उसाला पाणी कसं देतो आपण? सऱ्या पाडून. मी कोळशात झकास सऱ्या पाडल्या, हवा सगळीकडं पोचावी म्हणून. इतक्या सरळ पडल्या, की बापूला मुद्दाम बोलावून दाखवल्या. उसाला पाणी पाजण्यात बापूचा हात गावात कुणी धरत नाही. पाणी कुठं पळतंय हे त्याला बांधावर आडवं होऊनही कळतं.

त्यानं वाकून एका सरीतून बोट फिरवलं.

"गड्या, पाणी सरीनं जातं न् बाजूला मुरतं. हवा कशाला मुरंल? ती वाट गावली की पळत सुटती. तू तिला हमरस्ताच करून दिलाईस."

"मग काय करू?"

"वाफा कर. सगळीकडं सारखा. कुठं उंचवटा न्हाई, कुठं खड्डा न्हाई. आन् हवा खालनं वर येऊ दे."

आणखी एक त्यानं सांगितलं. पाण्याचा लोंढा वाफ्यात थेट पडला तर तोंडाशीच खड्डा पडतो, म्हणून तिथं उसाचं पाचट टाकायचं, मग पाणी पसरतं. मी पंखा तळाशी उतरवला आणि त्याच्या तोंडाशी सरिताचं स्टीलचं ताट आडवं लावलं. ट्रंकेच्या तळाशी चार बोटं मोकळी जागा, तिच्यावर खिळ्यानं सारखी भोकं पाडलेला पत्रा, त्यावर फडकं, त्यावर कोळशाचा वीतभर वाफा, आणि वर झाकणाऐवजी जाळी. कडेच्या फटीत चिंध्या कोंबल्या. बापू गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून बघायचा आणि डाव्या कोपऱ्यात अजून मूठभर टाकायला सांगायचा. पंधरा-वीस दिवस आम्ही दोघं ट्रंकेत डोकं घालून होतो. सरिता गेल्यापासून त्या घरात एवढं बोलणं झालं नव्हतं.

पुन्हा उदबत्ती धरली. धूर आला तो सगळ्या वाफ्यातून सारखा, अगदी विरळ, आणि त्याला वास नव्हता. जाळीला नाक लावून मी तीन वेळा खात्री केली. बापूनं दोन वेळा.

वैशूला फोन केला, म्हटलं, दोन दिवस येऊन तर बघ. ती आली. खोलीत जाऊन कॉटवर बसली. मी दारात उभा, माझ्यामागं बापू. तिनं भरून श्वास घेतला.

"अण्णा, कारखाना बंद आहे का?"

"चालू आहे. जोरात," मी म्हणालो आणि ट्रंकेवर हात ठेवून पाचटापर्यंत सगळं सांगितलं.

ती उठली आणि तिनं खिडकी सताड उघडली. मळीचा वास भसकन आत आला. ती डोळे मिटून तो हुंगत राहिली.

"याच वासात वाढले की मी," ती म्हणाली. "गेला महिनाभर हाच घ्यावासा वाटतोय. डोहाळेच म्हणा. वासाचं मी उगीच सांगितलं, अण्णा. आई नसताना या घरात बाळंतपण… मला नाही जमणार. तुम्हाला सरळ सांगवेना."

म्हशीला पाणी दाखवायचंय, असं पुटपुटत बापू निघून गेला (त्याच्याकडं म्हैस नाही).

"तुम्हीच या पुण्याला. बाळ झालं की महिनाभर राहा."

"ट्रंक आणू?"

"नको."

दोन दिवस ती राहिली. सरितानं माका घालून कढवलेलं तेल कपाटात अर्धी बाटली उरलं होतं, ते डोक्याला थापून त्या खोलीत झोपली. घरभर तो वास झाला. मग जावई गाडी घेऊन आले, आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या खोलीचं दार अलगद उघडलं, आतला तेलाचा वास निसटू नये म्हणून लगेच लावूनही घेतलं, आणि छातीभर श्वास घेतला.

काही नाही. पुन्हा घेतला. काही नाही. कोपऱ्यात ट्रंक घूं घूं करत होती. कालपासून ती बंद करायची राहूनच गेली होती.

माझ्या हातची एवढी एकच वस्तू आयुष्यात चोख चालली.