दोन काटे

सरकीचा वास आला की मी आजही अकोटच्या त्या जिनिंगमध्ये जाऊन उभी राहते. तिथे मी काट्यावर वजनं नोंदवायचे. कापसाच्या नोंदींसाठी डेटाबेस घ्यायचा होता. विक्रेत्याने एका कॉम्प्युटरवर झकास चालवून दाखवला. मालक सही करणारच होते. मी म्हटलं, आपले वजनकाटे दोन आहेत, दोन्हीकडून एकदम नोंद करून पाहू.

मी आणि दुसऱ्या काट्यावरची माझी सहकारी, आम्ही दोघींनी एकाच वेळी बटण दाबलं आणि माझ्या काट्यावरचा शेतकरी स्क्रीनवरून गायब! ना नाव, ना वजन.

मालक स्क्रीनकडे बघत त्याला म्हणाले, "भाऊ, तुमची गाडी तं आलीच नाही."

"मंग मी इथं कावून उभा हावो?"

त्याच्यामागे कापसाने भरलेली गाडी होती. तरी आम्ही सगळ्यांनी पुन्हा स्क्रीनकडेच पाहिलं. आता धक्का बसतो तो त्याचा.