तेराव्याचा डबा

मामाला ठेवलंय त्या वॉर्डातून बरं होऊन कुणी घरी जात नाही. इथे दुखणं फक्त सुसह्य करतात. त्यामुळे सिस्टरांसाठी पेढे कधी येत नाहीत. येतात ते तेराव्याच्या गोडाचे डबे.

शेजारच्या खाटेवर वारलेल्या आजोबांची मुलगी काल आली. "बाबांना शेवटचा घास तुम्हीच भरवलात," म्हणत तिनं सिस्टरांच्या हाती डबा ठेवला. सिस्टरांनी उभ्याउभ्याच लाडू खाल्ला, डोळे पुसले, हात धुतले आणि मामाला कुशीवर वळवायला आल्या. असे किती लाडू गिळले असतील या बाईनं! प्रत्येक लाडवामागे एक रिकामी खाट.

त्या गेल्यावर मामा मला म्हणाला, "त्यांना लाडू आवडत नाही रे. माझ्या डब्यात श्रीखंड दे."