रुसलेला हात

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मुरुडच्या आमच्या गल्लीत कासारमामांची हाक आली की मी पिठाचे हात तसेच घेऊन ओसरीवर पळायची. मामा बांगड्या भरताना चेहऱ्याकडे कधी बघत नसत. ते हाताशीच बोलत. "भिऊ नगं, सैल सोड," म्हणत, आणि बांगडी सरकन मनगटात येई.

त्या दिवशी मात्र एकामागून एक तीन बांगड्या गेल्या. "वाढली," मामा दर वेळी पुटपुटले. सवाष्णीची बांगडी फुटली, असं कुणी म्हणत नसे. चौथीला माझ्या तोंडून निघून गेलं, "फुटू द्या."

सासूबाईंचा सुपातला हात थांबला. मामांनी माझा हात अलगद खाली ठेवला आणि ते अंगणात आमच्या ह्यांच्याकडे गेले.

"मालक, हात लई रुसलाय. आधी तुमी बोला. बांगड्या मी मागून भरतो."

ह्यांनी हैदराबादेत नोकरी धरली होती आणि ते मला शेजारणीकडून कळलं होतं. घरच्यांसमोर हे माझ्याशी कधी बोलत नसत. त्या दिवशी थेट ओसरीवर आले, आईसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तुला आधी सांगायला पाहिजे होतं. येशील का संगं?"

मी मामांपुढे हात केला. त्यांनी तो चाचपला आणि हसून ह्यांच्याकडे बघितलं.

"व्हय म्हणतोय, मालक."