जाड तेल

माजलगावच्या मोंढ्यामागे गाड्यांचं तेल विकणाऱ्या त्या चाचांचं नाव मी विचारलं नाही. त्यांनी मात्र माझी अक्कल एका प्रश्नात मोजली.

दोन लाख किलोमीटर पळालेली फोर-बाय-फोर जीप मी नुकतीच घेतली होती. सासरे तिला न बघताच भंगार म्हणत होते, आणि उद्या त्यांनाच बसवून धारूरचा घाट चढायचा होता. म्हणून तेल बदलायला गेलो.

चाचांनी इंजिनातलं तेल दोन बोटांवर घेतलं, अत्तरासारखं हुंगलं आणि गाडीऐवजी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "ठेवायची का विकायची?"

"म्हंजे?"

"ठेवायची आसल तर कंपनीनं सांगितल्यालं पातळ. विकायची आसल तर लई जाड. खडखड दबती, धूर दबतो, गिऱ्हाईक खूश."

"ठेवायची! इंजिन कसलं शांत हाय, ऐका तरी."

त्यांनी बोटं बनियनला पुसली. "शांत ऱ्हाईलच की, साब. जाड तेल मीच टाकलंय. मागच्या मालकाला विकायची व्हती."

गाडी टिकण्यापेक्षा उद्यापुरती गप्प राहणं मला एकाएकी महत्त्वाचं वाटलं. "जाडच द्या," मी म्हणालो.

"मंग विकायची म्हना की. गिऱ्हाईक कोन हाय?"

"सासरे."